पहिली पेटी कोणती?

आर्मी मेडिकल कोअरच्या जवानाच्या उजव्या छातीवर पॅराशूटची विंग दिसली की बाकी फौजेला आधी शंका येते. उड्या मारायच्या त्या पॅरा रेजिमेंटच्या पोरांनी. सुई टोचणाऱ्याचं विमानाच्या दारात काय काम? हा प्रश्न मला लंगरमध्ये, रेल्वेच्या मिलिटरी डब्यात आणि एकदा तर माझ्याच लग्नाच्या मांडवात विचारला गेलाय. उत्तर साधं आहे. पलटण जिथं आकाशातून उतरते तिथं रस्ता नसतो, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सही नसते. उतरताना ज्याचा पाय मोडला किंवा उतरल्यावर ज्याच्या पोटात गोळी गेली, त्याच्यापर्यंत वेळेत पोचायचं तर तो आला त्याच वाटेनं यावं लागतं. उडी ही आमची नोकरी नव्हती, नोकरीवर जायची वाट होती.

मी कोरेगाव तालुक्यातला. आमच्या सातारा भागात फौज म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ट्रेनिंग म्हणजे बेळगाव, एवढंच ठाऊक. अपशिंगे या गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. पण मी बारावी सायन्स झालेला, त्यामुळे भरतीच्या साहेबांनी नर्सिंग असिस्टंट ट्रेडसमोर माझं नाव लिहिलं आणि मी बेळगावऐवजी लखनौच्या गाडीत बसलो. लखनौ छावणीत कोअरचं सेंटर आणि कॉलेज आहे. जवान तिथंच घडतात, आणि नवे डॉक्टर-अधिकारीही आपला पहिला बेसिक कोर्स तिथंच करतात. कोअरची स्थापना ३ एप्रिल १९४३ची, ब्रीद ‘सर्वे सन्तु निरामयाः’. सकाळी परेड ग्राउंडवर उस्तादाचा रगडा आणि दुपारी वर्गात हाडांची नावं, असा दिवस असायचा. बॅचमध्ये पोरं भरपूर. पॅरासाठी नाव द्या म्हटल्यावर मात्र हात वर आले ते बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले प्रोबेशन पार करून आग्र्याला टिकले ते त्याहून कमी.

ज्या युनिटसाठी आम्ही हात वर केले ते ६० पॅराशूट फिल्ड अ‍ॅम्ब्युलन्स. आता त्याला ६० पॅरा फिल्ड हॉस्पिटल म्हणतात. आग्र्याच्या ५० पॅरा ब्रिगेडबरोबर त्याचं बिऱ्हाड. ब्रिगेडमध्ये उड्या मारणारे हजारोंनी, पण त्यात उडीही मारतो आणि जखमही शिवायला मदत करतो असे आम्ही मूठभर. रिटायर झाल्यावर देशभर पांगलो की एका जिल्ह्यात एकही सापडणार नाही एवढे थोडे.

आग्र्याला उडी शिकवतात ते हवाई दलाचे उस्ताद. जमिनीवरचे आठवडे घोटे, गुडघे आणि कंबर यांच्यात जातात: पाय जुळवून पडायचं, अंग वळवायचं, भार पिंडरी-मांडी-पाठ असा वाटून द्यायचा. मग पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, आणि विंग लागते. पहिल्या उडीचं वर्णन करायच्या फंदात मी पडत नाही. मारलेल्याला ते ठाऊक असतं आणि न मारलेल्याला तिखटमीठ लावलेलंच आवडतं. लाल दिवा, हिरवा दिवा, मागच्याचा धक्का, आणि मग आग्र्याजवळच्या मलपुऱ्याच्या ड्रॉप झोनवर एकदम शांतता. विषय संपला.

खरं काम जमिनीला पाय लागल्यावर सुरू व्हायचं, आणि त्याबद्दल मला कोणी कधी विचारलं नाही. पॅराशूट गोळा केलं की पलटणचा जवान आपल्या कंपनीच्या दिशेनं धावतो. आम्ही आमच्या पेट्यांच्या दिशेनं धावायचो. सामान कंटेनरमध्ये बांधून वेगळ्या पॅराशूटनं खाली येतं, आणि वारा त्याला माणसापेक्षा लांब नेतो. अंधारात, नांगरलेल्या रानातून, आपला कंटेनर कुठल्या बांधापलीकडे पडलाय ते हुडकायचं, सोडवायचा, वाहायचा, आणि सर्जनसाहेब हात धुवायला उभे राहतील तोवर टेबल मांडायचं.

माझे सेक्शनचे उस्ताद गढवालचे होते. त्यांनी मला उडीपेक्षा पेटी भरायला जास्त शिकवलं. पहिला नियम असा की एका जातीच्या सगळ्या वस्तू एकाच पेटीत कधीही ठेवायच्या नाहीत. सगळं प्लॅस्टर एका पेटीत भरलं आणि तीच पेटी तळ्यात पडली तर दिवसभर मोडलेली हाडं बघत बसायचं. म्हणून प्रत्येक पेटीत थोडं प्लॅस्टर, थोड्या पट्ट्या, थोड्या सलाईनच्या बाटल्या. कुठलीही एक पेटी हाती लागली तरी काम सुरू झालं पाहिजे. माणसांनाही हाच न्याय, दोन सर्जन एका विमानात बसवायचे नाहीत. दुसरा नियम, पॅकिंगला निरुपयोगी काही वापरायचं नाही. बाटल्यांभोवती भुसा नाही, ब्लँकेट गुंडाळायचं. बाटल्या बाहेर निघाल्या की तेच ब्लँकेट पेशंटच्या अंगावर. तिसरा, झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवायची. पण यादी वस्तूंच्या नावानं नाही, उघडायच्या क्रमानं. आणि त्या यादीत हेही असायचं की हीच वस्तू आणखी कुठल्या नंबरच्या पेटीत आहे.

‘पहिली पेटी कोणती?’ हा उस्तादांचा आवडता प्रश्न. नवा पोरगा सांगायचा, औषधांची. कोणी म्हणायचा, ऑपरेशनच्या हत्यारांची. उस्ताद मान हलवायचे. पहिली पेटी उजेडाची. बत्ती, टॉर्च, सेल, मेणकापडात गुंडाळलेल्या काड्यापेट्या आणि दोन भक्कम कात्र्या. कारण जखम दिसल्याशिवाय औषध कशावर लावणार, आणि कपडा कापल्याशिवाय जखम दिसणार कशी? विजारीची शिवण सापडली की शिवणीनं कापत जायचं, म्हणजे कात्री अडकत नाही आणि पेशंटला हलवावं लागत नाही. मोडलेल्या घोट्यावरचा बूट मात्र घाईनं ओढायचा नाही, नाडी सैल करायची. हॉस्पिटल उभं राहीपर्यंत तो बूटच घोट्याला आधार देतो.

हे पेटीवेड युनिटला कुठून आलं ते पुढं इतिहास वाचताना उमगलं. युनिटचं नाव जगभर झालं ते कोरियात. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज तेव्हा कमांडर होते. १९४१ साली १५२ पॅराशूट बटालियनचे डॉक्टर असताना रंगराज आणि त्यांच्याबरोबर हवालदार मेजर मथुरासिंग, हे पॅराशूटनं उडी घेणारे पहिले भारतीय जवान. म्हणजे विमानातून उतरलेल्या पहिल्या दोन भारतीय जवानांत एक डॉक्टर होता. लंगरमधल्या त्या प्रश्नाला हे उत्तर मी नंतर नंतर द्यायला लागलो.

भारतानं कोरियात लढायला फौज पाठवली नाही, औषधोपचाराला हे युनिट पाठवलं. नोव्हेंबर १९५०मध्ये ते तिथं उतरलं. लगेचच चिनी सैन्यानं मोठा हल्ला चढवला आणि संयुक्त राष्ट्रांची फौज माघारी निघाली. डिसेंबरच्या सुरुवातीला प्योंगयांग सोडायचा हुकूम झाला तेव्हा युनिटकडं सामान न्यायला गाड्या नव्हत्या. सामान जाळून टाका आणि माणसं घेऊन निघा, हा व्यवहारी मार्ग होता. आमच्या लोकांनी सामान सोडायला नकार दिला. स्टेशनात एक बेवारस वाफेचं इंजिन आणि काही डबे सापडले. बादल्या हातोहात पुढं देत बॉयलरमध्ये पाणी भरलं, स्वतःच इंजिन पेटवलं, पेट्या डब्यांत चढवल्या आणि पूल उडवले जाण्याआधी नदी ओलांडून दक्षिणेला निघाले. ही गोष्ट लोक शौर्याची म्हणून सांगतात. मला ती हिशेबाची वाटते. पेट्यांशिवाय फिल्ड अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे थंडीत कुडकुडणारी काही शिकलेली माणसं, दुसरं काय?

त्यानंतर २३ मार्च १९५१ला अमेरिकेच्या १८७ व्या एअरबोर्न तुकडीनं मुनसान-नी इथं उडी घेतली, ऑपरेशन टॉमहॉक. त्या हजारोंच्या उडीत ६० पॅराचे बाराजण होते, स्वतः रंगराजसुद्धा. उतरल्याबरोबर त्यांनी ऑपरेशनं सुरू केली. रंगराजांना महावीरचक्र मिळालं. फौजेतून निघाल्यावर ते जागतिक आरोग्य संघटनेसाठी अफगाणिस्तानात देवीच्या रोगाच्या निर्मूलनावर गेले. मला त्यांच्या चक्राइतकंच हे दुसरं काम भारी वाटतं. रस्ता नाही तिथं सामान घेऊन जायचं आणि पोचल्यावर कामाला लागायचं, हेच तिथंही होतं.

नोकरीतले माझे बहुतेक दिवस युद्धात गेले नाहीत, मलपुऱ्याच्या ड्रॉप झोनवर उभं राहण्यात गेले. सरावाची उडी असली की आमची गाडी कडेला उभी. वर छत्र्या उघडायच्या तेव्हा पाहुणे वर बघत, आम्ही खाली बघायचो. माणूस पडला आणि त्याची छत्री वाऱ्यानं फुगलेलीच राहिली, ती दाबायला कोणी उठलं नाही, की तिकडं पळायचं. उठून बसला पण एक हात दुसऱ्या हातानं धरून बसला, तर खांदा निखळलाय. उठला, दोन पावलं टाकली आणि पुन्हा बसला, तर घोटा. हात हलवून ‘ठीक हूँ’ म्हणणाऱ्यावर आमचा सगळ्यात कमी विश्वास. एकदा एका शीख जवानानं असाच हात हलवला आणि कंटेनर खांद्यावर घेऊन चालायला लागला. मी त्याला बळेच बसवलं. नडगीवर बोट दाबलं तर त्यानं आवाज काढला नाही, पण कपाळावर घाम फुटला. आत बारीक चीर होती. तो मला शिव्या देत गाडीत चढला, कारण अजून एक उडी बाकी होती आणि त्याला ती हुकवायची नव्हती.

रिटायर होऊन गावी आलो तेव्हा एका खासगी हॉस्पिटलात नोकरीला गेलो. तिथल्या माणसानं कागद उलटसुलट केले, पॅरा कोर्सचं सर्टिफिकेट तळाला ठेवलं आणि रात्रपाळीच्या वॉर्डबॉयचा पगार सांगितला. त्याचंही बरोबर असेल. त्याच्या इमारतीला लिफ्ट होती, तिथं कोणाला आकाशातून उतरायचं नव्हतं. पण पंचवीस-तीस खाटांच्या त्या मजल्यावर सगळ्या सलाईन एका कपाटात आणि त्या कपाटाची चावी एका माणसाच्या खिशात असायची. मला झोप लागायची नाही.

लखनौला पुन्हा जायचं निमित्त झालं ते शेजारच्या गावातल्या एका कोअरमधल्याच जवानाच्या विधवेचं. पेन्शनच्या कागदात तिच्या नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं. कोअरचं रेकॉर्ड ऑफिस लखनौलाच, म्हणून तिच्या भावाला घेऊन मी गेलो. काम पुढं सरकलं, दुसऱ्या दिवशी या म्हणाले. दुपार मोकळी होती, गुडघा कुरकुरत होता आणि सुनेनं चिकनकारीचा कुर्ता सांगितला होता. आम्ही चौकात, लखनौच्या जुन्या बाजारात गेलो.

रिक्रूट असताना चौक म्हणजे आउटपासवर टुंडेचे कबाब खायची जागा. आता निवांत बघितला. गोल दरवाज्यापासून अकबरी दरवाज्यापर्यंतची ती चिंचोळी बाजारपेठ, तिच्या अंगाखांद्यावर फुटलेल्या गल्ल्या, कुठं अत्तर, कुठं चांदीचा वर्ख कुटल्याचा ठेक्यातला आवाज. चिकनच्या दुकानात एका बाईनं न धुतलेलं कापड दाखवलं: त्यावर लाकडी ठप्प्यानं निळी नक्षी छापलेली, तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यानं टाके घातलेले. धुतल्यावर निळं निघून जातं आणि फक्त टाका राहतो. कुर्ता घेतला. भाव केला, पण चौकवाल्यांच्या अदबीपुढं आपली घासाघीस फार टिकत नाही.

चौकाला लागूनच जुनं किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज, त्यामुळं त्या बाजूला सर्जिकल सामानाची दुकानं. कुबड्या, कंबरपट्टे, व्हीलचेअर, पट्ट्या. गुडघ्याची कॅप घ्यायला त्यातल्याच एका बोळकांडीएवढ्या दुकानात शिरलो. गल्ल्यावर सत्तरीपुढचे गृहस्थ, पांढरा कुर्ता, ताठ बसलेले. त्यांनी कॅप काढायला मागचं खोकं उघडलं आणि झाकण माझ्या बाजूला उलटलं. झाकणाच्या आत हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला. अनुक्रमांक, वस्तू, आणि शेवटच्या रकान्यात ‘४, ७, ११ में भी’. मी दुसऱ्या खोक्याकडं बघितलं. त्याच्यातही थोड्या कॅपा, थोड्या क्रेप बँडेजच्या गुंडाळ्या, थोडे कॉलर. दुकानदार असं ठेवत नाही. दुकानदार सगळ्या कॅपा एका खोक्यात ठेवतो, म्हणजे शोधायला सोपं. हे दुकान नव्हतं, हा लोड होता.

मी विचारलं, “साहब, पहली पेटी कौन सी?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, कॅप खाली ठेवली आणि म्हणाले, “उजाले की.” मग लगेच, “आप किस बैच के?”

सुभेदार म्हणून रिटायर झालेले, मूळ बाराबंकीकडचे, सासुरवाडी चौकातली म्हणून इथं स्थायिक. माझ्या आधी बरीच वर्षं युनिटमध्ये. आमची गाठ नोकरीत कधीच पडली नव्हती. मी महाराष्ट्रातला कळल्यावर त्यांनी फौजेच्या रिवाजाप्रमाणं मला ‘गणपत’ करून टाकलं. मी त्यांना उस्ताद म्हणायला लागलो. पहिल्या तासात उड्यांचा विषय निघालाच नाही. निघाला तो काचेच्या बाटल्यांचा. त्यांच्या वेळी सलाईन काचेत यायची, आमच्या वेळी प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, आणि त्यामुळं ब्लँकेट गुंडाळायचा नियम मोडीत निघतोय यावर त्यांच्या पिढीत मोठी नाराजी होती. मी म्हटलं, ब्लँकेट आम्हीही गुंडाळायचो. त्यांना बरं वाटलं. विधवेचा भाऊ कंटाळून बाहेर चहा प्यायला गेला.

चहा आल्यावर त्यांनी मला आणखी एक ऐकवलं. हिंदीतले मोठे कादंबरीकार अमृतलाल नागर याच चौकातले. त्यांनी वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हिंदीत नेला, ‘आँखों देखा गदर’ या नावानं. १८५७च्या धामधुमीत फिरलेला आमचा भटजी चौकातल्या माणसाकडून हिंदीत आला, हे मला सातारा जिल्ह्यात कोणी सांगितलं नव्हतं, बाराबंकीच्या पॅरा सुभेदारानं सांगितलं.

त्या दुकानातून आमच्यासारख्यांचा माग लागत गेला. उस्तादांच्या वहीत नावं होती: रोहतकचा एक, टिहरीचा एक, कोट्टायमकडचा एक जो ऑपरेशन रूम असिस्टंट होता आणि हिंदीतली लिंगं आजही मनमानीनं वापरतो. रेकॉर्ड ऑफिस लखनौला असल्यामुळं कधी ना कधी प्रत्येकाची फेरी तिकडं होतेच, आणि फेरी झाली की चौकात हजेरी. आम्ही मेळावे भरवत नाही, शाली-श्रीफळं देत नाही. फोन येतो तो कामाचा असतो. रोहतकवाल्याच्या पुतण्याला मेडिकल कॉलेजात दाखल केलं तेव्हा उस्ताद तीन नातेवाइकांना रक्त द्यायला घेऊन गेले आणि तिघांना वेगवेगळ्या रिक्षांत बसवलं. आमच्या बायका यावर हसतात. कोट्टायमवाल्याची बायको म्हणते की याने लग्नाचे दागिने चार नातेवाइकांकडं ठेवलेत आणि यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय.

खोटे दावेदारही भेटतात. विंग काय, छावणीजवळच्या बाजारात पैसे टाकले की मिळते. पॅराची मरून बेरे टोपीही मिळते. साताऱ्यात एका समारंभात एक गृहस्थ दोन्ही लावून आले होते, मेडिकल कोअर आणि पॅरा असं सांगत होते. त्यांनी रात्रीच्या उडीचं वर्णन इतकं छान केलं की पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी बाजूला घेऊन पेटीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, पेटी वगैरे हमाल उचलायचे, आम्ही कमांडो. मी चारचौघांत काही बोललो नाही. उडीचं वर्णन आता मोबाइलवर बघून कोणालाही करता येतं. पेटीत काय होतं याचा व्हिडिओ कोण काढणार?

त्याच समारंभात २ पॅराचा एक जुना शिपाई होता, खराखुरा. २ पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, आमच्या भागातल्या घराघरांतली. ११ डिसेंबर १९७१ला ती टांगाईलला उतरली. त्याला मी विचारलं की उतरल्यावर सामानाचं काय झालं. त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं म्हणाला. सामान लांब लांब विखुरलं होतं, शेतांत, पाणथळात. गावकरी धावत आले आणि डोक्यावरून पेट्या वाहून आणून देऊ लागले. बांगला त्याला येत नव्हती, मराठी त्यांना येत नव्हती, पण पेटी कुठं ठेवायची ते हातानं दाखवता येतं.

फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला आणि ‘ऑपरेशन दोस्त’मध्ये आपलं युनिट गेलं, ९९ जण. इस्केंदेरून इथं त्यांनी तीस खाटांचं हॉस्पिटल थाटलं. टीव्हीवर बातमी लागली की आमचे फोन सुरू. सगळा देश त्या पोरींना-पोरांना मिठ्या मारणाऱ्या तुर्की आजीबाईंकडं बघत होता. आम्ही मागच्या पेट्या मोजत होतो. रोहतकवाला म्हणाला, एकाच रंगाच्या केल्यात, हे बरं नाही केलं. कोट्टायमवाला म्हणाला, नंबर मोठे लिहिलेत, हे बरं केलं. पुन्हा मार्च २०२५मध्ये म्यानमारला, ‘ऑपरेशन ब्रह्मा’, ११८ जण, मंडाले. तेव्हाही तेच. या पोरांपैकी कोणालाही आम्ही ओळखत नाही, पण पेटी उचलताना पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे, हे त्यांना कोणीतरी शिकवलेलं दिसत होतं आणि ते बघून उस्तादांनी फोनवरच ‘शाबास’ म्हटलं.

मध्यंतरी ‘भीष्म’ नावाचे चौकोनी ठोकळे आले. म्हणजे आख्खं छोटं हॉस्पिटल ७२ ठोकळ्यांत भरलेलं, दोनशेपर्यंत जखमींना पुरेल असं. २०२४मध्ये आग्र्यालाच ते विमानातून टाकून बघितले. कुठल्या ठोकळ्यात काय आहे ते टॅबलेटवर दिसतं. हे वाचून उस्ताद अस्वस्थ झाले. यादी डोक्यात नसेल तर अंधारात माणूस आधी टॅबलेट शोधणार का, असं त्यांचं म्हणणं. माझं मत वेगळं आहे. आमची यादी डोक्यात होती, कारण दुसरीकडं कुठं ठेवायची सोयच नव्हती. डोक्यात ठेवलेली यादी माणसाबरोबर जखमी होते, बदलीवर जाते, रिटायर होते. युनिटची राहत नाही. यावर आमची चौकात बरीच वादावादी झाली. मी म्हटलं, तुमचीच शिकवण आहे की एकच वस्तू एकाच ठिकाणी नको. मग यादीला तो नियम का नाही?

गेल्या हिवाळ्यात उस्तादांकडं गेलो तेव्हा दुकानात एक तरुण बसलेला. युनिटमधला, नोकरीत असलेला, सुट्टीवर, आईच्या गुडघ्याला पट्टा घ्यायला आलेला. उस्तादांनी खोकं उघडून त्याला पकडलं होतं. आम्ही तिघं बाहेर पडलो, गोल दरवाज्याजवळ द्रोणातून मक्खन-मलाई घेतली. हिवाळ्यातच मिळते ती, केशर घातलेली, तोंडात घालेपर्यंत अर्धी हवा होते. उस्तादांना दम निघेना. त्यांनी विचारलं, “पहली पेटी?”

पोरगा म्हणाला, “रक्त थांबवायची. टूर्निके, प्रेशरच्या पट्ट्या, छातीच्या जखमेवर लावायची सील.”

“आणि रात्र असली तर? उजेडाची पेटी कितवी?”

“उजेडाची पेटीच नाही, उस्ताद. हेडलॅम्प प्रत्येकाच्या डोक्यावर असतो. उडी मारतानाच बरोबर.”

उस्ताद गप्प झाले. मी वाट बघत होतो की आता ते सेल संपण्याचा मुद्दा काढणार. त्यांनी काढलाही. पोरगा म्हणाला, जास्तीचे सेल प्रत्येकाच्या वेगवेगळ्या खिशांत, आणि जोडीदाराकडंही एक संच. उस्तादांनी मलाईचा द्रोण संपवला, बोटं पुसली, आणि रस्ता ओलांडता ओलांडता त्याला विचारलं की असा एक हेडलॅम्प घाऊक घेतला तर कितीला पडतो, आणि तो दुकानात ठेवला तर मेडिकल कॉलेजची पोरं घेतील का.